‘गोवराची लस झाली आहे’ एवढ्याने रुबेलाचे काम भागत नाही

एका आईने विचारलेला प्रश्न असा आहे. मुलगी नववीत आहे. तिच्या लहानपणीच्या लसीकरण कार्डावर नवव्या महिन्यात आणि दीड वर्षाला गोवराच्या लसीची नोंद आहे, पण रुबेला हा शब्द कोठेच नाही. २०१८ साली शाळेत गोवर-रुबेला लसीकरण मोहीम झाली त्या दिवशी ती तापाने आजारी होती, आणि तेव्हा फोनवर फिरणाऱ्या संदेशांना घाबरून थोरल्या मुलालाही घरीच ठेवले होते; तो आता बारावीत आहे. आजीचे म्हणणे असे की बालवाडीत असताना नातीला गोवर निघून गेला आहे, त्यामुळे आता काही टोचण्याची गरज नाही. एका प्रयोगशाळेने आधी टॉर्च तपासणी, म्हणजे रुबेलासह काही संसर्गांसाठीची रक्तचाचणी, करून घ्या असे सुचवले आहे. घरात धाकट्या जाऊबाईंना तिसरा महिना लागला आहे. मुलीला लस दिली तर त्यांना बाधा होईल का, हीही धास्ती आहे.

बालरोगतज्ज्ञ म्हणून गेली अठ्ठावीस वर्षे तालुक्याच्या गावी काम करताना या प्रश्नाचे तुकडे मी अनेक घरांतून ऐकले आहेत, पण ते सर्व एकाच घरात एकत्र आलेले क्वचित पाहिले. म्हणून उत्तर सविस्तर देते. निर्णय मात्र आधीच सांगून टाकते: रक्त तपासण्याच्या भानगडीत न पडता मुलीला रुबेलाचा अंश असलेली लस द्या, मुलालाही द्या, आणि जाऊबाईंच्या गर्भारपणामुळे ती पुढे ढकलू नका.

आधी कार्डाविषयी. गोवर आणि रुबेला हे दोन वेगळ्या विषाणूंचे आजार आहेत. रुबेला एरवी सौम्य असतो, पण गर्भारपणाच्या सुरुवातीला झाला तर पोटातील बाळाला इजा करतो. रुबेलाला जर्मन गोवर म्हणण्याची पद्धत पडली, कारण अठराव्या शतकात जर्मन वैद्यांनी त्याचे वर्णन प्रथम वेगळे नोंदवले. पण या नावाने आपल्याकडे मोठा घोटाळा केला आहे. गोवराची लस घेतल्याने रुबेलापासून काडीचेही संरक्षण मिळत नाही. भारताच्या सरकारी कार्यक्रमात १९८५ पासून केवळ गोवराची लस होती. रुबेलाची जोड तिला मिळाली ती २०१७ पासून, जेव्हा नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या आतील सर्व मुलामुलींना एक जादा डोस देण्याची मोहीम टप्प्याटप्प्याने राज्याराज्यांत झाली आणि त्यानंतर नियमित वेळापत्रकातील गोवराच्या लसीची जागा एमआर म्हणजे गोवर-रुबेला लसीने घेतली. गोवा पहिल्या टप्प्यात, फेब्रुवारी २०१७ मध्ये होते. महाराष्ट्रातील मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. तुमची मुलगी त्याच्या आधीच्या पिढीतील आहे. तिच्या कार्डावर ‘गोवर’ एवढेच लिहिले असेल तर रुबेलाच्या दृष्टीने ते कार्ड कोरे आहे. ‘एमआर’ किंवा खासगी दवाखान्यात मिळणारी ‘एमएमआर’, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस, अशी नोंद सापडली तरच रुबेलाचा डोस झाला असे धरावे. मोहिमेत मिळालेली छोटी पावती पुष्कळ घरांतून हरवली आहे आणि डाव्या अंगठ्यावरची शाईची खूण तर आठवड्याभरात पुसली गेली. अशा वेळी ‘बहुधा झाली असावी’ हे उत्तर ‘झाली नाही’ असेच समजावे. एक डोस जास्त झाल्याने काहीही बिघडत नाही.

आता आजींच्या आठवणीविषयी. नातीच्या अंगावर पुरळ उठले होते हे त्यांचे निरीक्षण खरेच असेल, त्याविषयी मला शंका नाही. परंतु पुरळ आणि ताप घेऊन येणारे लहान मुलांचे आजार डझनभर आहेत, आणि त्यांतून रुबेला नजरेने वेगळा काढणे मला आज इतक्या वर्षांनीही खात्रीने जमत नाही. रुबेलाचा ताप हलका असतो, पुरळ चेहऱ्यापासून सुरू होऊन साधारण तीन दिवसांत मावळते, कानामागच्या आणि मानेच्या मागच्या गाठी सुजून दुखतात. पण हेच चित्र इतर विषाणूंमुळेही दिसते. उलट ज्यांना खरोखर रुबेला होतो त्यांच्यापैकी वीस ते पन्नास टक्क्यांना पुरळच येत नाही. म्हणजे पुरळ आलेल्या मुलीला रुबेला झालाच असेल असे नाही, आणि पुरळ न आलेली मुलगी त्यातून सुटली असेल असेही नाही. म्हणूनच ‘लहानपणी होऊन गेला’ ही हकिगत प्रतिकारशक्तीचा पुरावा म्हणून आम्ही मानत नाही, मग ती सांगणारी व्यक्ती डॉक्टर का असेना.

येथे एक गोष्ट मला विशेष आग्रहाने मांडावीशी वाटते, कारण ती घराघरांतून तर सोडाच, पण माझ्या व्यवसायबंधूंकडूनही निसटते. लस नव्हती त्या काळात रुबेलाचा विषाणू आपल्या वस्त्यांतून सतत फिरत असे, आणि बहुतेक मुलींना तो वयात येण्यापूर्वीच गाठून, बहुधा काहीही न जाणवता, कायमची प्रतिकारशक्ती देऊन जात असे. तरीही सगळ्यांना तो गाठत नसे. मोहिमेपूर्वी भारतात ठिकठिकाणी झालेल्या रक्तपाहण्यांत किशोरवयीन मुली आणि तरुण स्त्रिया यांच्यातील ढोबळमानाने दहा ते तीस टक्क्यांच्या रक्तात रुबेलाविरोधी प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, आढळत नसत. त्या स्त्रिया गरोदर झाल्या की धोक्याच्या टप्प्यात येत. आता लाखो मुलांना लस मिळाल्यामुळे विषाणूचा फेरफटका खूप कमी झाला आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण तिचा एक परिणाम असा की जिची लस चुकली, तिला लहानपणी आपोआप आजार होऊन जाण्याची शक्यताही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. तिच्या आईच्या पिढीत लस न मिळालेली मुलगी बहुधा नैसर्गिकरीत्या सुरक्षित होऊन लग्नाला उभी राहत असे. आजची लस न मिळालेली मुलगी कोणत्याही संरक्षणाविना त्या वयाला पोहोचण्याची शक्यता जास्त आहे. पुढे केव्हातरी, दुसऱ्या गावात, दुसऱ्या राज्यात किंवा परदेशात, विषाणू तिला प्रथमच भेटला आणि तेव्हा ती गरोदर असली, तर काय होते हे मी पाहिलेले आहे.

ही कल्पना केवळ तर्काची नाही. ग्रीसमध्ये १९७५ च्या सुमारास लहान मुलांसाठी एमएमआर लस आली, पण पुढची बरीच वर्षे निम्म्या मुलांपर्यंतही ती पोहोचली नाही. विषाणूचे फिरणे मंदावले, थांबले नाही. लस न मिळालेल्या मुली आजार न होताच मोठ्या झाल्या, आणि १९९३ च्या साथीत जन्मजात रुबेलाची, म्हणजे आईच्या पोटातच संसर्ग होऊन इजा झालेली, २५ बाळे नोंदवली गेली. अर्धवट लसीकरण हे लसीकरणच न करण्यापेक्षा काही वेळा गर्भवतींसाठी अधिक वाईट ठरू शकते, हा धडा त्यातून जगाने घेतला. म्हणूनच मुलांपैकी किमान ८० टक्क्यांपर्यंत लस पोहोचवण्याची तयारी असेल तरच रुबेलाची लस कार्यक्रमात आणावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने देशांना सांगितले, आणि भारताने सुरुवात बाळांच्या नियमित डोसाने न करता पंधरा वर्षांपर्यंतच्या मोठ्या मोहिमेने केली ती याच कारणाने. त्या मोहिमेच्या दिवशी घरी राहिलेली मुले ही म्हणून किरकोळ बाब नाही.

मी पाहिलेले सांगते. मोहिमेच्या बरीच वर्षे आधी, एकोणीस वर्षांची एक आई दीड महिन्याच्या बाळाला घेऊन आली. तक्रार एवढीच होती की बाळ दूध ओढताना दमते. उजेडाकडे नेले तेव्हा दोन्ही बाहुल्या पांढुरक्या दिसल्या. छातीला नळी लावली तर हृदयाच्या ठोक्यांमध्ये यंत्र चालल्यासारखी सलग घरघर होती. डोळ्यांत मोतीबिंदू होते आणि जन्मानंतर बंद व्हायला हवी अशी हृदयाजवळची वाहिनी उघडीच राहिली होती. तिला गर्भारपणातील आजारांविषयी विचारले तेव्हा ती काही नाही म्हणाली. सासूबाईंना मात्र आठवले की दुसऱ्या महिन्यात सुनेच्या अंगावर दोन दिवस बारीक पुरळ आले होते आणि सांधे दुखत होते. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून कोणी डॉक्टरकडे गेले नाही. गेले असते तरी त्या वेळी हाती काहीच उपाय नव्हता, कारण रुबेलावर औषध नाही आणि लस गरोदरपणी देता येत नाही. बाळाच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, हृदयाचीही झाली. ऐकू येत नाही हे सर्वांत शेवटी कळले, कारण पहिले वर्ष सगळ्यांचे लक्ष डोळे आणि हृदय यांच्याकडेच होते.

डोळे, हृदय आणि कान ही तीन नावे एकत्र येणे हीच जन्मजात रुबेलाची ओळख आहे. १९४१ साली सिडनीतील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी जन्मतः मोतीबिंदू असलेल्या ७८ बाळांची नोंद मांडली आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आईला १९४० च्या साथीत गर्भारपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता असे दाखवले. सौम्य पुरळाचा आजार पोटातील बाळाची घडण बिघडवू शकतो हे तोवर कोणी मानत नव्हते. पहिल्या बारा आठवड्यांत आईला संसर्ग झाला तर दहापैकी आठ-नऊ बाळांना इजा होते. तेरा ते सोळा आठवड्यांत हे प्रमाण साधारण निम्म्यावर येते, आणि तेव्हा प्रामुख्याने श्रवणशक्ती जाते. वीस आठवड्यांनंतर व्यंग क्वचितच उद्भवते. गर्भपात आणि मृतजन्म वेगळेच. अमेरिकेत १९६४-६५ च्या साथीत सुमारे सव्वा कोटी लोकांना रुबेला झाला आणि जवळपास २०,००० बाळे जन्मजात रुबेला घेऊन जन्मली. या बाळांच्या घशात आणि लघवीत विषाणू वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ राहू शकतो, त्यामुळे अशा बाळाला पाहायला येणाऱ्या गरोदर स्त्रियांनाही धोका असतो.

या पार्श्वभूमीवर टॉर्च तपासणीकडे यावे, कारण या विषयात पैसा आणि मनःशांती सर्वांत जास्त तिथेच वाया जाताना मी पाहते. टॉर्च म्हणजे टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगालो आणि हर्पिस अशा काही संसर्गांच्या प्रतिपिंडांची एकत्र चाचणी. गर्भपात झालेल्या, दिवस न राहणाऱ्या, अगदी लग्न ठरलेल्या मुलींनाही ती सरसकट लिहून दिली जाते. तिच्यातील रुबेलाचा आकडा दोन प्रकारचा असतो. आयजीजी हे जुन्या संसर्गाचे किंवा लसीचे चिन्ह. दर मिलिलिटरला १० आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त असेल तर व्यक्ती सुरक्षित मानली जाते. आयजीएम हे ताज्या संसर्गाचे चिन्ह मानले जाते, परंतु इतर विषाणूंमुळे, संधिवातात रक्तात आढळणाऱ्या एका घटकामुळे, किंवा काही कारण नसतानाही ते खोटे होकारार्थी येऊ शकते, आणि आजार जितका दुर्मिळ तितके खोट्या निकालांचे प्रमाण मोठे. आयजीजी होकारार्थी आल्याचा कागद हाती घेऊन ‘मुलीला संसर्ग आहे, उपचार करा’ म्हणत रडत आलेल्या आया मी पाहिल्या आहेत. वास्तविक तो कागद सांगत होता की त्यांची मुलगी सुरक्षित आहे.

तुमच्या नववीतल्या मुलीसाठी ही तपासणी का नको, याचे कारण अगदी व्यवहाराचे आहे. निकाल नकारार्थी आला तर लस द्यायची आहे. होकारार्थी आला तर लस दिली काय, न दिली काय, तिला अपाय नाही, कारण आधीच प्रतिकारशक्ती असलेल्या शरीरात लसीतील क्षीण विषाणू वाढूच शकत नाही. शिवाय गोवर आणि गालगुंड यांचा फायदा मिळतोच. म्हणजे दोन्ही निकालांनी निर्णय बदलत नाही; बदलते ते एवढेच की दवाखान्याची एक फेरी वाढते, लसीच्या कितीतरी पट खर्च होतो, आणि अहवाल आणायला गेलेली मुलगी परत लस घ्यायला येत नाही. हे शेवटचे मी मनातले सांगत नाही. ‘आधी तपासू’ म्हणून परत पाठवलेल्या मुलींपैकी पुष्कळ मला पुन्हा दिसल्या त्या त्यांच्या बाळाला घेऊनच.

लस कोणती आणि किती, तेही स्पष्ट करते. सरकारी नियमित वेळापत्रकात चुकलेला एमआरचा डोस साधारण पाच वर्षे वयापर्यंत भरून काढला जातो, त्यामुळे नववीतल्या मुलीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मिळेलच असे नाही. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांना एकदा विचारावे, आणि न मिळाल्यास खासगी दवाखान्यात एमएमआर घ्यावी. किंमत काही शे रुपयांच्या घरात असते. अर्ध्या मिलिलिटरचा डोस दंडावर त्वचेखाली दिला जातो. रुबेलापुरते पाहिले तर एकाच डोसाने शंभरात पंचाण्णव किंवा त्याहून अधिक जणींना संरक्षण मिळते आणि ते दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर टिकते. तरीही किमान चार आठवड्यांनी दुसरा डोस द्यावा असे मी सुचवते, कारण गालगुंडासाठी एक डोस पुरत नाही, आणि पहिल्या डोसाला प्रतिसाद न दिलेल्या मोजक्या मुलीही दुसऱ्यात सापडतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस द्यायची असेल तर ती त्याच दिवशी दुसऱ्या दंडावर देता येते. कांजिण्यांची लसही त्याच दिवशी चालते. त्याच दिवशी दिली नाही तर मग दोन्हींमध्ये चार आठवड्यांचे अंतर ठेवावे.

मासिक पाळी चालू असली तरी लस देता येते. साधे सर्दी-पडसे, अंड्याची ॲलर्जी ही लस नाकारण्याची कारणे नाहीत. ज्यांना ती देऊ नये त्यांची यादी छोटी आहे: गरोदर स्त्रिया, कर्करोगाचे उपचार किंवा मोठ्या मात्रेत स्टिरॉइड चालू असलेले रुग्ण, प्रतिकारशक्ती गंभीररीत्या खालावलेले रुग्ण, आणि पूर्वीच्या डोसाने किंवा लसीतील घटकाने तीव्र ॲलर्जी आलेली व्यक्ती. थॅलेसेमियासाठी किंवा अन्य कारणाने नुकतेच रक्त चढवलेल्या मुलींच्या बाबतीत काही महिने थांबावे लागते, कारण दात्याच्या रक्तातील प्रतिपिंडे लसीचा विषाणू निकामी करतात; तेथे डॉक्टरांना रक्ताची तारीख अवश्य सांगावी.

लसीनंतर काय होईल हे मुलीला आधी सांगून ठेवा. दंड दुखतो. आठवडा ते बारा दिवसांच्या सुमारास एखादा दिवस ताप किंवा फिकट पुरळ येऊ शकते. वयात आलेल्या मुलींमध्ये आणि स्त्रियांमध्ये एक ते तीन आठवड्यांनी बोटे, मनगट, गुडघे दुखण्याचा त्रास लहान मुलांपेक्षा जास्त दिसतो. प्रतिकारशक्ती नसलेल्या प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे पाव जणींना तो होतो आणि काही दिवसांत जातो. हे माहीत नसले की ‘लसीने संधिवात झाला’ अशी बातमी वर्गभर पसरते. रक्तातील बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, तात्पुरते कमी होण्याचा प्रकार तीस-चाळीस हजार डोसांमागे एखादा असतो. किशोरवयीन मुली सुई पाहूनच भोवळ येऊन पडतात, हा धोका या सर्वांपेक्षा नित्याचा आहे. तिला काहीतरी खाऊन आणा, बसवून किंवा आडवे करून लस घ्या आणि नंतर अर्धा तास तेथेच थांबा.

२०१८ मध्ये फोनवर जे फिरत होते त्याचा उल्लेख करणे भाग आहे. या लसीने मुलींना पुढे मूल होत नाही, असे त्यात म्हटले होते. शाळेत पालकांना समजावताना मला तो प्रश्न भर सभेत नाही, नेहमी सभा संपल्यावर दारापाशी, खालच्या आवाजात विचारला गेला. म्हणून त्याचे उत्तर मोठ्याने द्यावेसे वाटते. या लसीतील रुबेलाचा वाण, आरए २७/३, अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेत स्टॅन्ली प्लॉटकिन यांनी तयार केला आणि १९७० च्या दशकापासून तो जगभर वापरात आहे. तो टोचून घेतलेल्या मुली आज आज्या झाल्या आहेत. आपल्या मोहिमेतील लस पुण्यातच तयार झाली होती. उत्तर आणि दक्षिण अमेरिका खंडांतून रुबेला हद्दपार झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले ते याच वाणाच्या बळावर. तो गर्भाशयाला किंवा बीजकोशाला काहीही करत नाही. त्याचे काम नेमके उलट आहे: त्या मुलीला होणारे मूल डोळ्यांनी, कानांनी आणि हृदयाने धड जन्माला यावे.

लस घेतल्यावर चार आठवडे गर्भधारणा टाळावी असा नियम आहे. नववीतल्या मुलीच्या घरी हे वाक्य उच्चारणे अवघड वाटते आणि म्हणून पुष्कळ डॉक्टर ते गाळतात. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले होते. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे चित्र यात सर्वांत ठसठशीत आहे. आपली मोहीम नोव्हेंबरअखेर सुरू झाली, तेव्हा गळीत हंगाम चालू होता. कोयता घेऊन बाहेर पडलेल्या आईबापांबरोबर ज्या मुली फडावर होत्या, त्यांची शाळेच्या यादीत नावे होती पण त्या वर्गात नव्हत्या. त्याच मुलींची लग्ने लवकर होतात आणि पहिले बाळ सतरा-अठराव्या वर्षी होते. ज्यांना या लसीची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याचकडे ती न पोहोचण्याचा संभव सर्वांत जास्त. म्हणून आशाताईंनी आणि हंगामी वसतिगृहांच्या शिक्षकांनी मुलींची कार्डे एकदा तरी उघडून पाहावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि चुकून कोणी गरोदर असताना किंवा चार आठवड्यांच्या आत गर्भ राहून लस दिली गेली, तर घाबरून गर्भपात करू नये. अशा शेकडो गर्भारपणांचा मागोवा घेतला गेला आहे आणि लसीच्या विषाणूमुळे जन्मजात रुबेला झालेले बाळ आढळलेले नाही. नियम सावधगिरीचा आहे, शिक्षेचा नाही.

मुलाचे काय? ‘गरोदर तर मुली होणार, मुलाला कशाला?’ हा विचार सरकारांनीही करून पाहिला आहे. ब्रिटनने १९७० पासून फक्त शाळकरी मुलींना रुबेलाची लस दिली. विषाणू लहान मुलांत आणि मुलग्यांत फिरतच राहिला, आणि ज्या थोड्या स्त्रिया लसीतून सुटल्या त्यांना घरातूनच संसर्ग होत राहिला. १९८८ मध्ये त्यांना दोघांनाही एमएमआर देण्याकडे वळावे लागले. जपानने १९७७ पासून माध्यमिक शाळेतील केवळ मुलींना लस दिली. त्या काळात शाळेत असलेले मुलगे पुढे तिशी-चाळिशीचे पुरुष झाले आणि २०१३ मध्ये तेथे १४,००० हून अधिक रुग्णांची साथ आली, त्यांतील बहुतेक कामावर जाणारे पुरुष. त्या साथीच्या मागोमाग ४५ बाळे जन्मजात रुबेला घेऊन जन्मली. तुमचा बारावीतला मुलगा पुढच्या वर्षी एखाद्या वसतिगृहात जाईल, काही वर्षांनी त्याची पत्नी गरोदर असेल. त्यालाही तेच दोन डोस द्या. गालगुंड वयात आलेल्या मुलग्यांत वृषणापर्यंत जातो, तो लाभ वेगळा. २०२२ मध्ये मुंबईत, विशेषतः गोवंडी परिसरात, गोवराचा जो उद्रेक झाला त्याने दाखवून दिले की या कुपीतील डोस किती मुलांचे चुकलेले आहेत. गोवर लगेच दिसतो म्हणून बातमी झाली, रुबेलाची चूक दिसायला पुढची पिढी लागते.

डोस झाल्यावर नोंद लेखी घ्या: तारीख, लसीचे नाव, कुपीचा क्रमांक, शिक्का. त्याचे छायाचित्र काढून ठेवा आणि दाखल्यांच्या फायलीत मूळ कागद घाला. आपल्याकडे लसीचे कार्ड माहेरी राहते आणि बाळंतपणाची नोंदणी सासरी होते. मधल्या प्रवासात तो कागद हरवला की सुरक्षित असलेली मुलगीही पुन्हा टॉर्चच्या रांगेत उभी राहते.

राहता राहिल्या जाऊबाई. लस घेतलेल्या व्यक्तीच्या घशात क्षीण विषाणू थोडे दिवस सापडू शकतो, पण त्यापासून घरातील दुसऱ्याला संसर्ग होत नाही, त्यामुळे गरोदर स्त्री घरात असताना मुलांना लस देणे पूर्ण सुरक्षित आहे. मुलीला वेगळ्या खोलीत ठेवण्याची किंवा जाऊबाईंना माहेरी पाठवण्याची जरुरी नाही. जाऊबाईंना स्वतःला मात्र आता लस देता येणार नाही. त्या जर २००३ च्या नोव्हेंबरपूर्वी जन्मलेल्या असतील तर मोहिमेच्या वयोमर्यादेबाहेर राहिल्या असणार, म्हणून त्यांच्या माहेरून कार्ड मागवून एमएमआरची नोंद शोधावी. काहीही त्रास नसताना त्यांची टॉर्च करू नये. घरात, शेजारी किंवा कामाच्या ठिकाणी कोणाला पुरळ-ताप आला आणि त्यांचा निकट संबंध आला, तर मात्र एक दिवसही न थांबता स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगावे, म्हणजे आयजीजी आणि आयजीएम योग्य वेळी, आणि गरज पडल्यास दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, तपासता येतील. पुरळ येण्याच्या सुमारे आठवडाभर आधीपासून रुग्ण संसर्ग पसरवत असतो, त्यामुळे ‘बघू काय होते ते’ म्हणण्याला येथे जागा नाही. नोंद सापडली नाही तर प्रसूतीनंतर दवाखान्यातून घरी येण्यापूर्वीच त्यांना डोस द्यावा, असे त्यांच्या फायलीवर आजच लिहवून घ्या. अंगावर दूध पाजत असताना ही लस चालते.